कोलंबसची मोकळी फेरी

भुतं, करणी, उतारा, अंगात येणं... या विषयांवर मी आजवर जे काही लिहिलंय ते सगळं विरोधात लिहिलंय. तेही पत्रकात, ठळक अक्षरात, चौकात उभं राहून स्वतःच्या हाताने वाटलंय. त्यामुळे या सदरात मला बघून ओळखीची माणसं हसतील. हसू द्या. मला आता कुणाशी वाद घालायचा नाही. दमलेय मी. हे एकदा कुठंतरी लिहून टाकायचंय, एवढंच.

आधी जागा सांगते. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की काटेवाडी मागं टाकल्यावर, कालव्याच्या अलीकडे, उसाच्या मधोमध एक पार्क आहे. नाव देत नाही, कारण मालकाने एकदा माझ्याशी वकिलाची भाषा केलेली आहे. मूळची ती हुरडा पार्टीची जागा. पुढे रेन डान्स आला, मग ड्रॅगन ट्रेन, मग टोराटोरा. आणि सगळ्यात मागे, कुंपणाला लागून, कोलंबस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — ती मोठी लोखंडी बोट, झोक्यासारखी पुढे-मागे उंच जाणारी. तिच्यात अर्धे लोक एका टोकाला बसतात, अर्धे दुसऱ्या टोकाला, एकमेकांकडे तोंड करून. तुम्ही वर गेलात की समोरचे खाली असतात आणि त्यांचे चेहरे तुम्हाला सरळ दिसतात. हे लक्षात ठेवा.

आमचा ‘पाळणेकर’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुठल्या पार्कात कोणती राईड बंद झाली, कुठं नवीन आली, कुठल्या जत्रेत यंदा मौत का कुआँ येणार नाही — दिवसभर हीच चर्चा. आई म्हणते, या वयात पाळण्याच्या ग्रुपमध्ये आहेस ते चांगलंच, पण मी म्हणतेय तो पाळणा वेगळा. ग्रुप काढला इंदापूरच्या सुहासने. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि डोक्यात फक्त राईड्स. एखादी राईड बघून तो सांगतो की ही आधी कुठं उभी होती. कारण आपल्याकडे राईड नवी नसतेच हो! एकीकडे बंद पडते, ट्रकमधून दुसरीकडे जाते, रंग मारला की ‘न्यू अट्रॅक्शन’. आमचा कोलंबस निळा. निळा खरवडला की खाली लाल. लालच्या आधी ती बोट कुठं होती, ते मात्र सुहासलाही कधी लागलं नाही.

दिवाळीनंतर ग्रुपवर बातमी आली. पार्कचा मालक, म्हणजे शेठ, कोलंबस भंगारात काढणार आणि त्या जागी भूतबंगला आणणार. प्लास्टिकचे सांगाडे, धूर, किंकाळ्यांचं रेकॉर्डिंग. आणि कोलंबस चालवणारे तात्या? त्यांना मुखवटा घालून अंधारात दबा धरून बसायचं काम. तात्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ती गेल्यावर ते इथं लागले, आणि या बोटीच्या दांड्यापाशीच त्यांच्या मिश्या पिकल्या. त्या माणसाने आता उतारवयात सहलीची पोरं ‘भ्वाँ’ करून घाबरवायची! मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं — ‘भंगार यंत्रात नाही, धोरणात आहे. कोलंबस वाचवा.’ ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

पत्रक घेऊन शेठकडे गेले. शेठने ते वाचलं, घडी घातली आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाला, बोटीत माणूस बसत नाही, पोरं नवीन काहीतरी मागतात, मी काय संग्रहालय काढलंय का. मी जनभावनेबद्दल बोलले. तो हसला.

“ताई, जनता तुमच्या मागं हाय म्हणता ना? मग एक दिवस बोट भरून दाखवा. दोन्ही टोकं. भरली तर हंगामभर हात लावत न्हाय. शब्द.”

संक्रांतीच्या आधीचा रविवार ठरला. ग्रुपवर सगळ्यांनी ‘नक्की’ लिहिलं. आले बारा-तेरा जण. ज्यांनी कधी काही चळवळ केलीय त्यांना हा हिशोब पाठ असेल. एसटी स्टँडच्या मुताऱ्या असोत, की रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या — ‘नक्की’ लिहिणारे घरी असतात आणि सतरंज्या आपणच उचलतो. त्या सकाळी गेटवर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की हे सगळं सोडून द्यावं आणि एक झोप काढावी.

आता तात्यांची पद्धत सांगायला हवी. दिवसाची पहिली फेरी ते मोकळी सोडायचे. गेटला साखळी, आत कुणी नाही, आणि बोट पूर्ण उंचीपर्यंत. मशीन तपासायला म्हणावं तर तसंही नाही, कारण फेरी चालू असताना ते बोटीकडे बघायचे नाहीत, उसाकडे तोंड करून उभे राहायचे. मी एकदा यावरून त्यांच्याशी वाद घातला होता. अंधश्रद्धा आहे, वीज फुकट जाते वगैरे. ते म्हणाले, “माज्या आदीच्यानं मशीन हातात दिलं तवा सांगितलं, पयली मोकळी सोड. म्या का म्हून इचारलं न्हाय.”

त्या रविवारी शेठला बारामतीत एका लग्नाला जायचं होतं. टेकाडावरच्या ऑफिसच्या काचेतून तो एकच फेरी बघणार होता आणि निघणार होता. मी तात्यांना म्हटलं, आज मोकळी नको, पहिलीच आमची. ते थोडा वेळ बोटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, आज तुमचा दिस हाय, आणि साखळी काढली. फक्त एवढं बजावलं की दोन्ही अंगाला सारखे बसा. तेही आम्ही ऐकलं नाही. आमचा बॅनर रस्त्याच्या बाजूच्या टोकाला बांधला होता, आणि माणसं कमी असली की सगळी बॅनरमागे दाटीने बसवायची, फोटो त्याच कोनातून घ्यायचा, म्हणजे गर्दी दिसते, हे मी मोर्च्यांत शिकलेय. सगळ्यांना एकाच टोकाला कोंबलं. समोरचं टोक पूर्ण रिकामं. सुहास खाली मोबाइल धरून उभा.

सगळे एका टोकाला बसले की बोट त्या बाजूला कलते. पाळणेकरांना हे सांगावं लागत नाही. ती कलली नाही.

“अगं, बोट सरळ कशी?” सुहास खालून म्हणाला. मी त्याला फोटो नीट घे म्हणून सांगितलं.

तात्यांनी दांडा ओढला. खालचं टायर बोटीच्या पोटाला घासलं आणि आम्ही निघालो. ‘कोलंबस बंद...’ मी ओरडायची, ‘होऊ देणार नाही!’ बाकीचे ओरडायचे. पहिले दोन-चार झोके गेले. मग आम्ही पूर्ण वर पोहोचलो, समोरचं टोक खाली गेलं, आणि मी खाली बघितलं.

बाकडी भरलेली होती.

टळटळीत ऊन होतं. धूर नाही, अंधार नाही. मी जे बघितलं ते साधं लिहिते. खांद्यावर टॉवेल टाकलेले पुरुष होते. पदर खोचलेल्या बायका होत्या. एकाच्या मांडीवर डब्याची पिशवी होती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी दांडी धरली नव्हती. शेवटच्या एसटीत बसून घरी निघालेली माणसं बसतात ना... तशी बसली होती. एका बाईने शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकलं होतं. आमच्याकडे कुणी बघतही नव्हतं. रक्त नाही, पांढऱ्या साड्या नाहीत, उलटे पाय तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त दमलेली माणसं. इतकी दमलेली की त्यांना झोका लागत होता की नाही, देव जाणे.

आम्ही खाली आलो, ती वर गेली. वर गेली तेव्हा उन्हात एकीचा पदर उडताना दिसला.

घोषणा थांबली होती. माझी एकटीची नाही, सगळ्यांची, एकदम. टायरची घासघास आणि रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरचं गाणं, एवढंच ऐकू येत होतं.

बोट थांबली तेव्हा समोर मोकळी बाकडी होती. नंतर मी एकेकाला विचारलं, समोर काय दिसलं? प्रत्येकाने सांगितलं की डोळे मिटले होते. पाळणेकरांनी! उंचीवर डोळे मिटणाऱ्याची वर्षभर टर उडवणाऱ्यांनी!

मी पायऱ्या उतरत होते तोवर शेठ टेकाडावरून खाली आला. लग्नाचा पांढरा शर्ट, कपाळावर घाम. मला वाटलं, आता ऐकवणार. त्याने हात जोडले.

“मानलं ताई. मला वाटलं हुतं धा डोकी आणशीला. दोन्ही टोकं भरली की.”

मी म्हटलं, “शेठ, आम्ही अर्धीच भरली होती. एकच टोक.”

“आता लाजू नका,” तो म्हणाला. “काचंतनं सगळं दिसतं मला. गावाकडची माणसं आणलीसा ते बरं केलं. पोरंसोरं नुसतं किंचाळत्यात, ही कशी गप बसली हुती.” मग इकडे-तिकडे बघून म्हणाला, “गेली कुठं? च्या तरी पाजला असता.”

मी खरं बोलले होते. त्याच्यापुढे दोनदा बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मालक माझ्या मागणीला हो म्हणत होता आणि मी त्याला नाही-नाही म्हणत होते. तो हसत गाडीत बसला. शब्द पाळला त्याने, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. कोलंबस आजही चालू आहे. भूतबंगला रेन डान्सच्या जागी उभा केला आणि मुखवट्यासाठी दुसरा माणूस ठेवला.

सुहासचा व्हिडिओ मी बघितलाय. आम्ही एका टोकाला, समोरचं टोक रिकामं, आणि बोट अगदी सरळ. सुहास आधी म्हणाला, बेअरिंग जाम असेल. मग स्वतःच म्हणाला, जाम असती तर बोट एवढी वर गेलीच नसती. त्यानंतर त्याने विषय काढला नाही. ग्रुपवर आता ‘शुभ सकाळ’चे फोटो येतात.

मी शोध घ्यायचा तेवढा घेतला. मला शोध घेता येतो, पत्रकाखाली नाव टाकायचं तर माहिती पक्की लागते. पार्कमध्ये कधी अपघात झालेला नाही. जागेत आधी ज्वारी होती, त्याच्या आधीही ज्वारीच. ना विहीर, ना कुठली दंतकथा. तात्यांच्या आधीचा माणूस गावाकडे वारला. बोट कुठून आली ते शेठलाही माहीत नाही, त्याने ती एका दलालाकडून घेतली. म्हणजे काहीच नाही. मानसशास्त्र म्हणावं, तर ते माझ्यापुरतं म्हणेन. शेठला काय झालं होतं? त्याच्या डोक्यात तर फक्त लग्नाचं जेवण होतं.

माझ्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक मागणी असते. ती नसेल तर पत्रक छापू नये, असं आम्हाला शिकवलंय. यावर चार वेळा लिहायला बसले. मागणी काय करायची आणि कुणाकडे, हेच सुचत नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी पार्क उघडताना गेले. सहलीची एक बस आली होती, पोरं साखळीपाशी रेटारेटी करत होती. तात्यांनी मोकळी फेरी सोडली आणि उसाकडे तोंड करून उभे राहिले. मी बोटीकडे बघितलं. रिकामी होती. खरंच रिकामी. मला हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं वाईटही.

बोट थांबली. तात्यांनी साखळी काढली नाही. पोरं ओरडायला लागली, त्यांच्या बाईंनी घड्याळ बघितलं. मी उतरायच्या लोखंडी पायऱ्यांच्या तोंडाशीच उभी होते. मी विचारलं, “तात्या, कुणासाठी थांबलाय?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“उतरू दे की,” ते म्हणाले. “दमल्याली अस्त्यात.”

मला त्या रविवारी काय दिसलं ते मी तात्यांना कधीच सांगितलेलं नाही. शेठने बघितलं, पण काय बघितलं ते त्याला ठाऊकच नाही. ते शब्द तात्यांकडे कुठून आले, मला माहीत नाही. आणि मी, रस्ता रोकोमध्ये ट्रकपुढून न हलणारी बाई, त्या पायऱ्यांच्या तोंडावरून बाजूला का सरकले, तेही मला आजतागायत सांगता येत नाही. सरकले, एवढं खरं. पुरेशी वाट होईल इतकी सरकले आणि तात्यांनी साखळी काढेपर्यंत तशीच उभी राहिले.