दगड खालून वाचायचा

बेलापूरची कॉलनी नवी होती तेव्हाच्या आमच्या शेजारीणबाई. दर रविवारी मुलांना तळ्याकाठच्या वीरगळापाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या कोरीव दगडापाशी न्यायच्या. हा दगड खालून वर वाचायचा, हा त्यांचा हट्ट. मूल अडलं की म्हणायच्या, "पुढं?" शाबासकी कधीच नाही.

एकदा रस्त्याच्या भरावासाठी मुकादम तो फोडायला आला. बाई वाद न घालता माझ्या लेकीला म्हणाल्या, "वाच."

तिनं तळाला बोट ठेवलं. "हा गावासाठी लढला, पडला. मग अप्सरांनी वर नेला. इथं महादेवापुढं बसलाय."

मुकादमाच्या तोंडून निघालं, "पुढं?"

"पुढं तुमी," लेक म्हणाली.

त्यानं पहार खाली ठेवली. बाई पहिल्यांदाच "शाब्बास" म्हणाल्या, तेही मुकादमाला! माझी मान मात्र लेकीनं ताठ केली.