बारकीच्या नजरेची कड

टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी ठाकरांची एक वाडी आहे. बारकी तिथली. पन्नाशीची, काटक, मोजकं बोलणारी. करांद्याचा वेल वाळून उडून गेला तरी खाली कंद कुठं असेल, हे ती चालता चालता पायानं दाखवायची. रानात तिची वाट कधी चुकली नाही, आणि म्हणूनच तिची नजर आक्रसत चाललीय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्यासुद्धा नाही.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर ती आणि तिची सून रुपा करांद्यांच्या पाट्या घेऊन बाजाराला उतरल्या. हमरस्त्यावर बारकीनं समोर पाहिलं आणि सरळ पाऊल टाकलं. ब्रेक किंचाळले. माळशेजकडून आलेली एसटी तिच्यापासून हातभरावर थांबली. ड्रायव्हर खाली उतरला.

"मावशी, एवढी लाल गाडी दिसली नाय तुला?"

"नव्हती रे गाडी," बारकी म्हणाली. "आता आली."

ती खोटं बोलत नव्हती. रुपाला धसका बसला तो त्याच बोलण्याचा.

त्या दिवसापासून रुपा सासूवर लक्ष ठेवून राहिली. सासूचा पाय कोंबडीवर पडायचा. दाराच्या कडेला बसलेल्या बाईला ती अडखळायची. पण सुईत दोरा मात्र एका झटक्यात ओवायची. हे कसलं आंधळेपण? माघात मुरबाडला डोळ्यांचं शिबिर भरलं, तशी रुपानं तिला ओढतच नेलं.

शिबिरातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवर दाब मोजायचं यंत्र टेकवलं, मग आत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

"हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे."

"मंग काढून टाका," रुपा म्हणाली.

"काढायला त्यात काही नाही गं. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होत असतं आणि बारीक वाटेनं निघून जात असतं. ती वाट तुंबली की दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस मरायला लागते. कडेची नजर आधी जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला कळतच नाही."

बारकी ऐकत होती. भाताच्या खाचराची मोरी तुंबली की बांधावर काय जोर येतो, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. पण डोळ्यात खाचर? एवढ्याशा डोळ्यात?

डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर दोघी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथं बारकीचा एक डोळा झाकून तिला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. समोर बघत राहायचं, कुठंही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ठिपके उगवायचे, विझायचे. मग दुसरा डोळा. बारकीला वाटलं, चारदोनच तर चमकले, झालं पण!

डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. मधोमध थोडं पांढरं, भोवती सगळा काळोख.

"पुष्कळ ठिपके चमकले, आजी. जिथं काळं आहे तिथले तुम्हाला दिसलेच नाहीत."

"पर मला तं कुठं काळं नाय दिसत!"

"दिसणारच नाही. जे दिसत नाही ते मन आपल्या मनानंच भरून काढतं."

बारकीनं कागदावरच्या काळ्यावरून बोट फिरवलं. किती वर्षं? दोन्ही अंगांना ती जी झाडं पाहत आली, ती झाडं नव्हतीच? तिच्याच मनानं उभी केली होती? तिला भीती वाटायला हवी होती. पण तिच्या अंगावर काटा आला तो नवलाचा. आपल्या आत कुणीतरी बसून इतकी वर्षं एवढं रान रचत होतं, आणि आपल्याला पत्ता नाही!

"गेलेलं परत येतं का?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही. थेंब, लेसर, ऑपरेशन, सगळं उरलेलं राखायला. तुमच्यासाठी आधी थेंब. सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. बरं वाटतंय म्हणून सोडायचे नाहीत."

थेंबांनी डावा डोळा आवरला. उजव्याचा दाब मात्र उतरेना, म्हणून पुढच्या वर्षी ऑपरेशन झालं. वरच्या पापणीआड, बुबुळाच्या कडेला डॉक्टरांनी पाण्याला नवी वाट करून दिली. डोळा बधिर केला होता, पण बारकी जागी होती. "केवढी वाट केली?" तिनं पट्टी बांधताना विचारलं. "मुंगी शिरणार नाही एवढी," डॉक्टर म्हणाले. ती वाडीत येईपर्यंत मधूनमधून तेच पुटपुटत होती. मुंगी शिरणार नाही एवढी.

मग ती मान वळवायला शिकली. रस्त्यावर आधी एका अंगाला पूर्ण वळायची, मग दुसऱ्या, मगच पाऊल. पोरं तिला हसत. ती हसू द्यायची.

दवाखान्यात आणखी एक सांगितलं होतं: हे घराण्यात उतरतं, भावंडांना तपासा. बारकीचा धाकटा भाऊ गोमा म्हणायचा, "मला घार दिसते ढगातली. कशाला येऊ?"

"मलाबी दिसत व्हती. एसटी नाय दिसली," बारकी म्हणायची. चार वर्षं ती त्याच्या मागे लागली. दोन हजार एकला गोमा कंटाळून तिच्याबरोबर मुंबईला आला.

त्याचा दाब वाढलेला निघाला. नजर अजून शाबूत होती. गोमा यंत्रावर हनुवटी टेकून बसला असताना बारकी शेजारी घुटमळत होती. त्या यंत्राला शिकाऊ डॉक्टरांसाठी आणखी एक नळी होती. डॉक्टर म्हणाले, "बघायचंय?"

बारकीनं डोळा लावला. समोर नारिंगी लालसर माळ पसरला होता. त्यात फिकट पिवळा, गोल चंद्र. त्या चंद्रातून लाल नद्या निघत होत्या, फाटे फुटत होते, फाट्यांना आणखी फाटे.

"हे... ह्याच्या डोळ्यात हाय?"

"हो. तो गोल म्हणजे नसेचं तोंड. डोळ्याला दिसलेलं सगळं त्यातूनच मेंदूकडे जातं."

"सगळं? डोंगर पण?"

"डोंगर पण."

"अगो बाय," बारकी हळूच म्हणाली, आणि किती तरी वेळ तिला डोळा काढवेना. गोमा कंटाळून म्हणाला, "काय हाय गो आत?"

"हलू नको," ती म्हणाली. "अजून बघायचंय मला."