एका मशीनपुरतं नाव

डिचोलीच्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात मी कंत्राटाने काँप्युटर बघायचो. राहायला पेडण्याला, जाऊन-येऊन मोटरसायकल. तिथं ट्रकांच्या फेऱ्या काँप्युटरात भरायला दोडामार्गची एक बाई होती, कितीतरी वर्षं रोजंदारीवर. आमच्याकडे रोजंदारीवाल्याने स्वतःचा लॉगिन मागणं म्हणजे आगाऊपणा. साहेबच आपला देऊन टाकत. तीही साहेबांच्या नावाने मशीन उघडून राबायची. तिला त्यात गैर वाटत नसे. मला वाटायचं, पण ऐकतं कोण!

मग काहींना कायम करणार अशी बातमी उठली. मुख्य ऑफिसचं म्हणणं, ज्याचं काम सर्व्हरवर त्याच्या नावाने दिसेल त्याचाच विचार होईल. बाईने माझ्यामागे लकडा लावला. मी वर मागणी पाठवली. उत्तर आलं, रोजंदारीवाल्यांना लोकल अकाउंट द्या. म्हणजे नाव त्या एका मशीनपुरतं, केलेलं कामही तिथंच पडून राहणार, सर्व्हरला पत्ता नाही. माझं डोकं फिरलं. अट यांनीच घालायची आणि वाटही यांनीच बंद करायची!

ती मात्र खूश. तिने सगळ्यांसाठी उंडे पाव आणि मिरची-भजी मागवली. लॉगिन करताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यायची, हे तिने लगेच शिकून घेतलं. स्क्रीनवर स्वतःचं नाव आलं तेव्हा ती जरा नीट सावरून बसली.

"बाय, हे वर दिसायचं नाही," मी स्पष्टच सांगितलं.

तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "हंय दिसता मां? वरच्यांनी येवन बघूचा."

वरचं कुणी आलं नाही. कायम झालेल्यांत ती नव्हती. साहेबांना मात्र बढती मिळाली, फेऱ्यांच्या नोंदी चोख ठेवल्याबद्दल. त्यांनी पेढे वाटले, तिच्या टेबलावरही एक ठेवला. माझा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

पुढच्याच आठवड्यात हुकूम आला, रोजंदारीवाल्यांची अकाउंट काढून टाका. ती शेजारी बसलेली असतानाच मी ते काढायला घेतलं. फाइलीही पुसायच्या का, असं मशीनने विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं.

"पूस रे," ती म्हणाली.

मी पुसल्या. तिने डब्याची पिशवी मांडीवर घेतली आणि अगदी साध्या आवाजात मला विचारलं, "मगे मी सांजेपर्यंत बसू, की आत्ताच जाव?"