मोकळी आकडी

दोन हजार एक सालच्या आषाढात माझ्या बाच्या आकडीला कोयता नसायचा, आणि पाड्यात ती चेष्टेची गोष्ट झाली होती. किन्हवलीच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. इथला माणूस सकाळी कमरेला लाकडी आकडी बांधतो, तिच्यात कोयता अडकवतो आणि मगच घराबाहेर पडतो. बा, म्हणजे राघो, कोयता आईच्या हातात देऊन शेतावर जायचा.

याला कारण बाचा चुलतभाऊ, गोमाकाका. मी लहान असताना दोघांचं पाण्यावरून भांडण झालं आणि बानं कोयत्याची पाठ काकाच्या खांद्यावर हाणली. हाड मोडलं. बाला स्वतःच्याच हाताची अशी धास्ती बसली, की तो मुरबाडकडे प्रार्थनेला जाऊ लागला आणि पुढं ख्रिस्ती झाला. तेव्हापासून राग आला की तो पुटपुटायचा, "येशू, माजा हात धर." शिव्या गेल्या, दारू गेली. राग मात्र कुठं जातोय! नाकाच्या शेंड्यावर होता, तो छातीत जाऊन बसला, एवढंच.

गोमाकाकानं हे बरोबर हेरलं. ओहोळाचं पाणी आधी त्याच्या खाचरात येतं आणि बांधाच्या तोंडातून आमच्या खाचरात उतरतं. त्या वर्षी ऐन लावणीत पावसानं दडी मारली आणि काकानं ते तोंड चिखलानं बुजवून टाकलं. त्याची लावणी उरकली होती. जास्तीचं पाणी तो दुसऱ्या अंगानं ओहोळात परत सोडत होता, पण आम्हाला देत नव्हता. आमच्या खाचराला भेगा पडल्या. राबातलं, म्हणजे भाजलेल्या वाफ्यात वाढवलेलं रोप जून व्हायला लागलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर वर्षाचं भात हातचं गेलं असतं.

बा रोज जाऊन मागायचा, "दादा, वाईच पाणी सोड रे."

"सोडीन उद्या," काका हसून म्हणायचा.

बा दात आवळून परत यायचा आणि ओटीवर बसून राहायचा. मला त्याचीच चीड यायची. आई तर एकदा फुटलीच.

"तुमचा राग तुमी प्रभूला दिलाव. माजा मी कोनाला देऊ?"

रविवारी पास्टर म्हणाले, क्षमा करा, धीर धरा. त्यांचं बरं होतं. त्यांचं रोप वाळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाच्या मागोमाग शेतावर गेले. काकानं सदरा ओढून खांदा दाखवला. "मार की आता! तुज्या देवानं तुला ठेचून खच्ची केलेला बैल करून ठेवलाय."

बाच्या मानेच्या शिरा तटतटल्या. हात कमरेला गेला. आकडी मोकळी होती. तो तसाच थांबला, काहीतरी पुटपुटला, मग बांधापाशी जाऊन दोन्ही हातांनी चिखल उपसू लागला. पाणी वाहू लागलं तसा काका फावडं घेऊन धावला. तेव्हा बा बांधाच्या त्या तोंडातच फतकल मारून बसला.

"मारनार नाय, दादा," तो म्हणाला. "पन हितून उठनार बी नाय. पानी ओहोळाचा हाय, तुजा नाय."

काकानं फावडंभर चिखल त्याच्या अंगावर टाकला, मग आणखी टाकला. बाचे डोळे, तोंड चिखलानं भरलं. मला वाटलं, ऊठ आणि हाण एकदाचा! पण बा दोन्ही मुठी मांडीखाली दाबून बसून राहिला, आणि त्याच्या अंगाला घासून पाणी आमच्या खाचरात उतरत राहिलं. शेवटी काका दमला, थुंकला आणि घरी गेला. संध्याकाळपर्यंत खाचर भिजलं.

दुसऱ्या दिवशी लावणी धरली. निघताना आईनं आनंदानं कोयता पुढं केला.

"घ्या आता. जिकलाव तुमी."

बानं कोयत्याकडं पाहिलं, मग गोमाकाकाच्या घराकडं पाहिलं. मोकळीच आकडी कमरेला बांधत तो म्हणाला, "ठेव तुज्याकडंच. हात अजून शिवशिवतोय."