आडवी बाटली आणि आमचा इराणी

मेडिकलच्या दुकानात मुदत संपलेल्या गोळ्या साचतात तसे आमच्याकडे बेहरूजचे किस्से साचलेत. फरक एवढाच, की गोळ्या कंपनीला परत तरी करता येतात! हे किस्से ऐकायला आता आम्ही दोघंच उरलोय. मी, वारंगा फाट्यावरचा मेडिकलवाला, आणि गौतम, सेनगावला मास्तर. टीव्हीवर इराणची बातमी लागली की गौतमचा फोन येतोच. "बेहरूजचा मेसेज आला का रे?" तिकडचं नेट सारखं बंद असतं, त्यामुळे बहुतेक वेळा नसतोच आलेला. मग आम्ही जुनं काहीतरी उकरून काढतो आणि हसत बसतो.

तेव्हाच्या औरंगाबादला आम्ही तिघं एका रूमवर होतो. बेहरूज शिराजचा. मी आणि तो फार्मसीला, आमच्याच गावचा गौतम बी.एस्सी.ला. सुट्टीत घरी जाणं बेहरूजला परवडायचं नाही, म्हणून तो आमच्याच गावी यायचा, डोंगरकडा गावाजवळ.

*

पहिल्यांदा आला तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याची फार दया आली. दारूबंदी असलेल्या देशातलं लेकरू, किती तहानलेलं असेल! एसटी स्टॉपजवळ देशी दारूचं दुकान होतं आणि अण्णांच्या सगळ्या संध्याकाळी तिथंच जायच्या. आई बोलायची नाही. पण त्या दुकानानं आमचं घर पोखरलं होतं, हे मला लहानपणापासून कळत होतं.

अण्णा त्याला तिकडं घेऊन निघाले. बेहरूज म्हणाला, "अण्णा, मी घेत नाही."

"काहून? हितं कोनी फटके मारत न्हाई!"

"आवडत नाही. बाबा घरीच द्राक्षाची बनवतात. लहानपणापासून त्या वासानं डोकं उठतं."

अण्णा रस्त्यातच थांबले. "बंदी असून घरी बनवतेत? मंग आमच्याहून बरा देश हाये की तुमचा!"

*

एकदा रूमवर गौतमनं लॅपटॉपवर इराणची डॉक्युमेंटरी लावली. परदेशी चॅनेलची. काळ्या चादरीतल्या बायका, करडं आभाळ, मागं रडकं व्हायोलिन. बेहरूज एकदम उठून उभा राहिला. "अरे, ही आमची गल्ली! ह्या भिंतीच्या डाव्या हाताला आइस्क्रीमचं दुकान आहे. कॅमेरा जरा वळवला असता तर अर्धी गल्ली आइस्क्रीम चाटताना दिसली असती!"

त्यावर गौतमनं माझ्या काकांची गोष्ट सांगितली. दुष्काळाच्या साली शहरातून एक चॅनेलवाला आला होता. काकांना भेगाळलेल्या रानात उभं केलं आणि म्हणाला, "घड्याळ काढा, मोटरसायकल बाजूला घ्या, आणि हसू नका."

काका म्हणाले, "काहून? मेलं का कोनी?"

बेहरूज पोट धरून हसला. मग म्हणाला, "पण ते दाखवतात ते खोटं नसतं. डोक्यावरचा रुमाल घसरला म्हणून माझ्या बहिणीला पोलिसांनी गाडीत घालून नेलं होतं. सुटून आल्यावर तिनं त्या लोकांची अशी नक्कल केली, की आजी हसून हसून गादीवर आडवी झाली. ती नक्कल मात्र कोणीच दाखवत नाही."

*

शेवटच्या वर्षी दिवाळीत तो आला तेव्हा गाव तापलं होतं. बायकांनी सह्या करून दारूच्या दुकानावर मतदान मागितलं होतं आणि ते मंजूर झालं होतं. मत फक्त बायकांनी द्यायचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावं वाटलं तर उभीवर शिक्का, बंद व्हावं वाटलं तर आडवीवर. सगळ्यात पुढं होती माझी आई! उभ्या जन्मात कधी मोठ्यानं न बोललेली बाई आडव्या बाटलीचा फलक घेऊन घरोघर फिरत होती.

बेहरूजला ते पटेना. तो चुलीपाशी जाऊन बसला. "आई, बंदीनं दारू जात नाही. दुकानातून उठते आणि घरात येते. मी बघितलंय."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बाबा, आमच्यात ती आधीपासूनच घरात हाये."

मग आईनंच विचारलं, "तुमच्याकडं बंदी केली तवा बायायला इचारलं व्हतं का?"

"कोणालाच विचारलं नव्हतं."

"हितं इचारून राहिले. मंग सांगू नको का?"

*

मतदानाचा नियम कडक होता. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडायला हवेत. जी आलीच नाही, ती उभीच्या बाजूची. आणि मतदानाच्या दिवशी दुपारी कळलं, की अकरा बायका मेंढरं घेऊन लांबच्या माळावर गेल्यात. गौतमनं घरची जीप काढली, आम्ही दोघं मागं बसलो.

त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "यायचं तर हाये. पर मेंढरं कोन पाहील?"

"मी," बेहरूज म्हणाला. ज्याला बंदीच मान्य नव्हती, तो!

बायका जीपमध्ये बसल्या. परत सोडायला गेलो तर मेंढरं शेजारच्या तुरीत घुसलेली, आणि बेहरूज हात जोडून फारसीत काहीतरी बोलत त्यांच्यामागं पळतोय.

म्हातारीनं विचारलं, "काय म्हनून राहिला रं त्यायला?"

"विनंती करतोय," मी म्हणालो.

"म्हनूनच ऐकून नाही राहिले!"

*

आडवी बाटली सहा शिक्क्यांनी जिंकली. त्या संध्याकाळी अण्णा कितीतरी वर्षांनी दिवेलागणीला घरात होते. ओट्यावर बसले होते, हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. आता अण्णा नाहीत, आणि बेहरूज कुठं आहे, कसा आहे, तेही धड कळत नाही. मला त्या ओट्याची फार आठवण येते.

अण्णा तेव्हा बेहरूजला म्हणाले, "घ्या! झालं आमचं गावबी तुमच्या देशासारखं."

"नाही अण्णा," बेहरूज म्हणाला, "आमच्याकडे शिक्के मोजले नव्हते."

तेवढ्यात आई ताट घेऊन बाहेर आली. दोन महिने फलक धरून धरून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते. अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "खरं सांग. तू कोन्त्या बाटलीवर शिक्का मारलास?"

आईनं ताट त्यांच्यासमोर ठेवलं.

"मतदान गुप्त असतंय," ती म्हणाली. "जेवा."