न दिसलेला फाऊल

रमण गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यानंच शिकवलेलं काम करत होतो. डहाणूत आमची चिकूची वखार आहे. तिच्या मागच्या अर्ध्या भागात मी पंचवीसेक वर्षं स्नूकरची दोन टेबलं चालवतो. समुद्र जवळ, त्यामुळे पावसाळ्यात टेबलावरचं हिरवं कापड दमट होतं आणि चेंडू चिखलातून चालल्यासारखा चालतो. मग कापडाला इस्त्री करावी लागते. ती एकाच दिशेनं, एका दमात करायची. मध्ये थांबलात तर डाग पडलाच. रमण येण्याआधी मी ते टेबल सतरंजीसारखं झाडत असे, आणि तेवढं पुरे असं मला वाटत असे. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. पलीकडे त्याची बायको सुनंदा. "काका, हायवेवर… तलासरीच्या अलीकडे. ट्रकवाल्यानं… ते गेले." मी "हो" म्हणालो आणि इस्त्री पुढे नेत राहिलो, टेबलाच्या टोकापर्यंत. मग बटण बंद केलं आणि खाली जमिनीवर बसलो. बघणारे नंतर म्हणाले, काय माणूस आहे हा. रमण असता तर म्हणाला असता, बरोबर केला काका.

रमण तलासरीकडच्या वेवजी गावचा. गुजरातची हद्द इतकी जवळ की त्याच्या घरात मराठी, गुजराती आणि त्यांची स्वतःची बोली एकाच ताटात जेवायची. बाप भात लावायचा आणि उरलेले दिवस मिळेल त्या कामाला जायचा. रमण आमच्याकडे चिकूचे खोके उचलायला आला, दुपारच्या सुट्टीत टेबलापाशी उभा राहायला लागला, आणि खोके राहिले बाजूला. आधी मार्कर झाला, म्हणजे गुण मांडायचे, कापड झाडायचं, चेंडू जागेवर ठेवायचे. मग खेळायला लागला, आणि चार-पाच वर्षांत डहाणूत त्याच्याशी खेळायला कोणी उरलं नाही. आमच्या हॉलचा रिवाज असा, की हरेल त्यानं टेबलाचं भाडं भरायचं. त्यामुळे आपला फाऊल आपणहून कबूल करणारा माणूस आमच्याकडे औषधालाही सापडत नसे. बाही चेंडूला लागली तरी फाऊलच, पण लोक पंख्याकडे बघत राहायचे. रमण मात्र खिसा रिकामा असतानाही डावा हात वर करायचा. "लागला," एवढंच म्हणायचा. समोरच्यानं पाहिलेलं नसायचं, मी पाहिलेलं नसायचं. "अरे, पण कोणाला दिसलं?" मी वैतागून विचारायचो. "मला लागला ना," तो म्हणायचा आणि त्याच्या ठरलेल्या, एक हात मोडलेल्या खुर्चीत जाऊन बसायचा. या एका वाक्यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. माझं म्हणणं, फाऊल बघायचं काम पंचाचं आहे, त्याच्या पोटावर कशाला पाय देतोस?

२०१४ साली तो व्यावसायिक खेळाडू म्हणून गावोगावच्या स्पर्धा खेळत होता. व्यावसायिक म्हटलं की लोकांना वाटतं, माणूस गाडीतून फिरत असेल. वरचे चार-पाच जण सोडले तर बाकीचे आपल्या खर्चानं जातात, मिळेल तिथे उतरतात, दुसऱ्या फेरीत हरतात आणि आपल्याच खर्चानं परत येतात. रमण वापीच्या एका क्लबात हौशी लोकांना शिकवायचा, सुनंदा उंबरगावला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जायची, आणि या दोघांच्या कमाईवर त्याचं स्नूकर चालायचं. स्पर्धेत बिनबाह्यांचं जाकीट घालावं लागतं. ते त्यानं तलासरीच्या शिंप्याकडून शिवून घेतलं. त्या शिंप्यानं जन्मभर नवरदेवांची जाकिटं शिवलेली, त्यानं हेही तसंच शिवलं, चांगलं चार बोटं लांब. "अरे, वरात कुठाय?" मी विचारलं. "कापड चांगला हाय, काका. कापायला जीव होत नाय." मी हसलो. त्या चार बोटांनी पुढे काय केलं ते सांगतोच.

त्याला एकच गोष्ट हवी होती, तलासरी भागात स्वतःचं टेबल. तिकडच्या मुलांना डहाणूला येऊन-जाऊन दिवस मोडतो, आणि वापीच्या क्लबात त्यांना दारातच अडवतात. उधव्याच्या नाक्यावर एक बंद पडलेली भातगिरणी होती. मालकाशी बोलून त्यानं ती जागा मिळवली आणि एक दिवस मला मोटारसायकलवर मागे बसवून दाखवायला घेऊन गेला. आत अजून कोंड्याचा वास होता, कोपऱ्यात गिरणीचा जुना पट्टा पडला होता, आणि जमिनीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं आखलेला एक मोठा आयत. बारा फूट बाय सहा फूट. "हा टेबल," तो म्हणाला. मग त्या आयताभोवती वाकून, हातात काठी असल्यासारखे फटके मारत तो फिरला, कोपर भिंतीला लागतं का ते बघत. खऱ्या टेबलाला कापडाखाली दगडाच्या जाड लाद्या असतात, आणि तसं टेबल त्याच्या घरापेक्षा महाग. त्याला तेवढा रंगाचा डबा परवडला होता.

पुढच्या वर्षी वापीत एक माणूस त्याच्या मागे लागला. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण ते लिहून मी या लेखाची जागा फुकट घालवणार नाही. पहिल्याच भेटीत पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला म्हणून रमण त्याला पेढेवाला म्हणायचा. आधी शिकवण्याचं कौतुक, मग खेळाचं कौतुक, आणि मग मुद्दा, सट्ट्याचा. पुण्याच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत पोचलास की तिथेच थांबायचं. "हारवानुं नथी, रमणभाई," तो म्हणाला, "खाली जीतवानुं नथी." हरायचं नाही, फक्त जिंकायचं नाही. पैशाचं त्यानं नावही काढलं नाही. उधव्याला तुझ्या गिरणीत टेबल बसवून देतो म्हणाला, नव्या लाद्या, नवं कापड. गिरणीचं त्याला कोणी सांगितलं देव जाणे. माणसाला भूक कशाची आहे, हे अशा लोकांना बरोबर कळतं.

रमणनं हे मला वखारीत खोक्यांवर बसून सांगितलं. मला वाटलं होतं, हसत सांगेल. तो हसत नव्हता. "काका, मी मनात हो बोललोय. टेबलावर दिवा कुठे लावायचा, ते पन ठरवला…" बराच वेळ तो खोक्याची पट्टी नखानं सोलत राहिला. "पन मंग पोरांना काय शिकवू? त्या टेबलावर हात कसा वर करू?" त्यानं माझ्यासमोरच फोन लावला आणि गुजरातीत, अगदी आदरानं, जमणार नाही म्हणून सांगितलं. पेढेवाला पलीकडे नुसता हसला. एखाद्याचा नकार हा भाव वाढवायचा प्रकार आहे, असं समजणारी ती जात. मी रमणला म्हटलं, आता एकच कर, ती मॅच जिंक, म्हणजे विषयच संपला. "जिंकनारच," तो म्हणाला.

पुण्याला मी त्याच्याबरोबर गेलो. तो खरोखरच उपांत्यपूर्व फेरीत पोचला. समोर सुरतचा केतन, रमणहून तरुण आणि फार देखणा खेळणारा. दोघांनी तीन-तीन फ्रेम, म्हणजे डाव, घेतल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर तीनच रंग उरले, निळा, गुलाबी, काळा. पाळी रमणची, निळा सोपा. तो गेला की सामना जवळपास हातात. मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. पांढरा चेंडू अडचणीच्या जागी होता, म्हणून रमणला गुलाबीवरून वाकावं लागलं. फटका बसला, निळा खिशात गेला, टाळ्या पडल्या. आणि रमण तसाच वाकलेला राहिला… मग सरळ झाला आणि त्यानं डावा हात वर केला. जाकिटाची लांब कड गुलाबीला लागली होती. पंच पलीकडच्या बाजूला उभा होता, त्याला दिसलं नव्हतं. केतनला दिसलं नव्हतं. मलाही नाही. पंचानं विचारलं, खात्री आहे? रमणनं मान हलवली. निळा पुन्हा जागेवर आला, सहा गुण आणि पाळी केतनकडे गेली, आणि केतननं तिन्ही चेंडू एकामागून एक घेतले.

मी त्याला जिन्यातच गाठलं. गप्प राहिला असता तर जिंकला असता, आणि पेढेवाल्याचं तोंडही बंद झालं असतं. बोलला म्हणून हरला, आणि नेमकं त्या माणसाला हवं तेच झालं. "हात वर करताना हे कळलं नाही तुला?" मी विचारलं. "कळला होता," तो म्हणाला. "म्हनून तर थोडा वेळ लागला."

काही दिवसांनी उधव्याच्या गिरणीसमोर एक टेम्पो येऊन उभा राहिला. आत टेबल. पेढेवाल्यानं आपला शब्द पाळला होता, त्याच्या समजुतीप्रमाणे रमणनंही पाळला होता. निरोप मिळून रमण पोचेपर्यंत हमालांनी एक लादी उतरवून दारात ठेवलीही होती. नाक्यावरचा चहावाला मला नंतर सांगत होता, रमण आला आणि आधी त्या लादीवर हात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, परत चढवा. हमाल म्हणाले, आम्हाला उतरवायला सांगितलंय, चढवायला नाही. तेव्हा त्यानं शर्ट काढून गिरणीच्या कडीला अडकवला, लादीच्या एका बाजूला स्वतः लागला, मग हमालही दुसऱ्या बाजूला लागले, आणि ती टेम्पोत चढली. ज्या टेबलासाठी त्यानं जमीन रंगवली होती ते त्यानं स्वतःच्या हातांनी परत पाठवलं.

पण नाक्याला काय दिसलं? हा हरला आणि टेबल आलं. टेम्पो परत गेला, हे सांगण्यात लोकांना तितकी गोडी नसते. बातमी वापीला पोचायच्या आत रमण स्वतः स्नूकरच्या संघटनेकडे गेला आणि पेढ्यांपासून लादीपर्यंत सगळं सांगून आला. चौकशी बसली, आणि ती संपेपर्यंत खेळायला मनाई. मीही सांगायला गेलो होतो. त्यांचा प्रश्न सरळ होता. पंचाला दिसलं नाही, समोरच्याला दिसलं नाही, मग फाऊल झालाच कशावरून? हरायचं होतं म्हणूनच हात वर केला नसेल कशावरून? मी त्यांना आमच्या हॉलचा रिवाज सांगितला. हा माणूस स्वतः भाडं भरून इतकी वर्षं हात वर करत आलाय, म्हटलं. ते सभ्यपणे हसले. शेवटी निकाल आला, पुरावा नाही. मी जिलबी आणायला निघालो होतो. रमणनं मला थांबवलं. "पुरावा नाय म्हंजे काय, काका? मी नाय केला, असा कुठे लिवलाय?"

वापीची शिकवणी सुटली. पस्तिशीला आलेला रमण पुन्हा आमच्या वखारीत खोके उचलायला लागला, आणि सकाळी माल यायच्या आधी टेबलावर सराव. मनाई उठल्यावरच्या पहिल्याच स्पर्धेला तो गेला. त्याच्या शेजारी बसून कोणी चहा पिईना. पहिल्या फेरीत हरला. पुढच्या वर्षी पुन्हा गेला, त्याच्या पुढच्या वर्षीही. "नाय गेलो तर ते बोलतात तेच खरा," म्हणायचा. जाकीट तेच होतं, चार बोटं कापून आखूड केलेलं. माझ्याकडचं एक टेबल उधव्याला घेऊन जा, असं मी किती वेळा सांगितलं. "लोक बोलतील, तोच टेबल फिरून आला." मी वैतागून कापड झाडायला घ्यायचो. गेल्या वर्षी मात्र तो पुन्हा एकदा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि तिथे चारी मुंड्या चीत झाला. परत आला तो खुशीत. "काका, या वेळी सगळ्यांना दिसला, मी कसा हरलो," म्हणाला.

बाराव्याला केतन सुरतहून आला. सुनंदाला भेटला, मग माझ्याजवळ येऊन बसला. "काका, चौकशीत मी खोटं नव्हतो बोललो. मला नव्हतंच दिसलं. पण तुला पटतं का, असं कोणी विचारलंच नाही." मी विचारलं, "पटतं?" "त्याच दिवशी पटलेलं. चेंडू नव्हता दिसला, तोंड दिसलेलं ना त्याचं." हे न विचारता सांगायला काय झालं होतं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण माणूस एवढ्या लांबून आला होता, आणि सुनंदा ऐकत होती. ते तिनं ऐकणं जास्त गरजेचं होतं.

त्या दिवशी मी तिला विचारलं, टेबल उधव्याला नेऊ का? "न्या," म्हणाली. "पन दिवसा न्या, काका. सगळ्यांना दिसू दे." म्हणून गेल्या रविवारी भर दुपारी, नाक्यावरच्या तमाम चहाबाजांसमोर, लाद्या उतरल्या. टेबल त्या पांढऱ्या रेघांच्या आत बरोबर बसलं. नवं कापड लावलं, इस्त्री मी केली, एका दमात. ती मोडक्या हाताची खुर्चीही नेली. शनिवार-रविवार केतन शिकवायला येणार, एरवी मी आहे. आणि इथे हरणाऱ्यानं भाडं भरायचं नाही, दोघांनी अर्धं-अर्धं, हे मी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं.

पहिली फ्रेम केतन आणि मी खेळलो. तो काठीला खडू लावत दाराबाहेर बघत होता. मी तपकिरी चेंडूवरून वाकलो आणि माझ्या बाहीचं बटण त्याला लागलं, अगदी किंचित. चेंडू हललासुद्धा नाही. बघे आपापसात बोलत होते, सुनंदा चहा गाळत होती.

"काय झालं, काका?" केतननं विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात वर आहे.

"फाऊल."

"मी तर नाही पाहिला."

"मला लागला ना," मी म्हणालो, त्याच्या नावावर चार गुण सरकवले, आणि रमणच्या खुर्चीत जाऊन बसलो.