शब्दाशब्दाने सारखं

शाळेत मुलं त्यांना पाठीमागे 'तुलनाबाई' म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं. नववीच्या वर्गात त्या फळ्यावर मधोमध उभी रेघ मारत. डावीकडे एक उतारा, उजवीकडे दुसरा. एकात कुणी विहीर खणत असे, दुसऱ्यात कुणी विहीर बुजवत असे. दोघांच्या मनात सारखं काय आणि वाटा कुठे फुटतात, ते मुलांनी सांगायचं.

"दोन्हींत विहीर आहे, हे आंधळ्यालाही दिसेल," बाई खडू आपटत म्हणत. "विहिरीशी उभा असलेला माणूस कशापायी उभा आहे, ते बोला."

ही रेघ घरीही त्यांच्या डोक्यातून पुसली जात नसे. नवऱ्याला उशीर झाला की कारण एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं आणि एकदा त्याच्या मित्राच्या बायकोच्या. "तुला नवरा नको होता, साक्षीदार हवे होते," असं तो म्हणे.

बाईंचा एक पक्का नियम होता. अर्थ जुळला तर विचार जुळला. शब्द जुळले तर चोरी. दोन पेपरांत एकच वाक्य सापडलं की त्या कच्च्या मुलाला उभं करत. पक्क्याचं बघून कच्च्यानेच उतरवलं असणार, यात विचारायचं काय?

एका संध्याकाळी त्या घरी आल्या तर सासूबाई पलंगावर, घोट्याला ओलं फडकं बांधलेलं, गुडघा सोललेला. शेजारी मावशी बसलेल्या. बाई शाळेत असताना सासूबाईंना सांभाळायला त्या दोन वर्षं येत होत्या.

"अगंबाई! काय झालं आई?"

"काही नाही गं. दूध उतू जाईल म्हणून लगबगीने उठले आणि पायपुसण्यात पाय अडकला."

बाईंनी मावशींना स्वयंपाकघरात बोलावलं. "आता तुम्ही सांगा."

मावशींनी भिंतीकडे बघितलं. "दूध उतू जाईल म्हणून आजी लगबगीने उठल्या आणि पायपुसण्यात पाय अडकला."

बाईंच्या कानात खडू करकरला. मावशींच्या तोंडी 'लगबगीने'? एरवी त्या 'पळत सुटल्या' म्हणाल्या असत्या. शिवाय पायपुसणं सकाळी बाईंनीच धुतलं होतं. ते अजून गॅलरीत दोरीवर वाळत होतं.

डॉक्टरांनी मुरगळलंय म्हणून सांगितलं, हाड शाबूत होतं. पण बाईंच्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना. मावशी फोनवर बसल्या असतील. आईंना उठवताना हिसका दिला असेल. आणि वर म्हातारीला पढवून ठेवलं!

"आईलाच सरळ विचार ना," नवरा म्हणाला.

"पढवलेल्या पोपटाला काय विचारायचं?"

"आमच्या आईला पोपट म्हणणारी तू पहिलीच. माझे वडील तर वाघीण म्हणायचे."

बाईंना हसू आलं नाही. त्या कधी मधल्या सुट्टीत घरी टपकत, कधी चप्पल हातात घेऊन जिना चढत. आत दोघी बोलत असल्या की बोलणं तुटे. मग तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तेलच ओतलं. "दुपारी तुमच्या जिन्यात रोज कुजबुज असायची हो. आजी पडल्यापासून बंद झाली. मला वाटलं, कुणी पाहुणे येतात."

कोण पाहुणे? कशाला? त्या दिवशी घरात शिरताच बाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"मावशी, उद्यापासून येऊ नका."

मावशींनी एकदा पलंगाकडे बघितलं. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "दुपारची गोळी समोर उभं राहून द्या. आजी गालात धरतात आणि मागून थुंकतात." आणि चपलांकडे वळल्या.

"थांब गं," पलंगावरून आवाज आला. "सूनबाई, ते दुधाचं वाक्य माझं आहे. हिच्याकडून तीनदा घोकून घेतलं."

लगबगीने! लग्न होऊन या घरात आल्यापासून हा शब्द बाई रोज ऐकत होत्या: 'सूनबाई, जरा लगबगीने.' शब्द बरोबर पकडला होता. उभं मात्र भलत्यालाच केलं होतं.

"पडलात कुठे मग?"

"जिन्यात. महिन्यामागे तू माझ्या लेकीला फोनवर म्हणालीस, आईंना जिना झेपेनासा झाला की तुमच्याकडे आणून सोडू, तुमचं घर तळमजल्यावर. माझे कान अजून शाबूत आहेत हो. मग म्हटलं, पायही शाबूत ठेवू. रोज दुपारी खाली जायचं, वर यायचं. हिच्या खांद्याला धरून."

"मी नको नको म्हणत होते, बाई," मावशी म्हणाल्या. "पण आजी ऐकतात कुणाचं? आणि पडल्यावर तुम्हाला सांगितलं असतं तर माझं काम गेलं असतं."

"न सांगून तरी कुठे राहिलं?" सासूबाई फणकारल्या.

बाईंनी सवयीने मनात रेघ मारली. डावीकडे एकीला घर सुटायची भीती, उजवीकडे दुसरीला काम सुटायची. वाटा वेगळ्या. पण दोघी घाबरल्या होत्या ते एकाच बाईला, आणि ती पर्स खांद्याला लटकवून दारात उभी होती.

"चप्पल काढा, मावशी," त्या हळूच म्हणाल्या. "चहा टाकते."

रात्री जेवताना नवऱ्याशी बोलून त्यांनी ठरवलं: आई इथेच राहणार, आणि पाय बरा झाला की जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावायचा. अंथरूण घालताना बाईंनी ते सासूबाईंना सांगितलं. "आई, तुम्ही कुठेही जायचं नाही. हे घर तुमचंच आहे."

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सुनेकडे नीट निरखून बघितलं.

"मघाशी तुझा नवरा पाणी द्यायला आला तेव्हा त्यालाही विचारलं. अगदी हेच म्हणाला," त्या म्हणाल्या. "शब्दाशब्दाने. कुणी कुणाकडून पाठ करून घेतलं गं?"